हजारो मीटर, एक संदेश: वायरलेस मेशमध्ये मल्टिकास्ट फॉरवर्डिंग कसं बसवायचं

एका बॉर्डर राउटरखाली (मेशला बाहेरच्या जाळ्याशी जोडणाऱ्या यंत्राखाली) ५,००० वीजमीटर मेशमध्ये आहेत, म्हणजे ते एकमेकांचे संदेश पुढे सरकवतात, रेडिओचा वेग सेकंदाला ५० किलोबिट आहे आणि सगळ्या मीटरमध्ये ४०० किलोबाइटचं नवं फर्मवेअर टाकायचं आहे, असं धरू. २५६ बाइटचे तुकडे केले तर १,६०० ब्लॉक होतात. हेडर (पत्ता वगैरे माहिती) धरून एक फ्रेम, म्हणजे रेडिओवर एका वेळी जाणारं पाकीट, साधारण ३०० बाइटची, म्हणजे हवेत ४८ मिलिसेकंद. प्रत्येक मीटरला प्रत्येक ब्लॉक वेगळा पाठवायचा ठरवला, तर राउटरला ८० लाख फ्रेम सोडाव्या लागतील. त्यांचा हवेतला निव्वळ वेळ होतो ३,८४,००० सेकंद, म्हणजे जवळजवळ साडेचार दिवस. तोही फक्त पहिल्या हॉपचा, म्हणजे राउटरपासून पहिल्या मीटरपर्यंतच्या टप्प्याचा. पोच, पुन्हा पाठवलेल्या फ्रेम, पुढचे हॉप आणि रोजचं मीटरवाचन यांपैकी काहीच त्यात धरलेलं नाही.

तेच १,६०० ब्लॉक राउटरने सगळ्यांसाठी मिळून एकेकदाच सोडले, तर पहिल्या हॉपवर ७७ सेकंद लागतात.

मल्टिकास्टकडे, म्हणजे एकच संदेश सगळ्या गटाला मिळून पाठवण्याकडे, लोक वळतात ते या फरकामुळे, आणि बहुतेक बसवण्या फसतात त्याही याच ७७ सेकंदांच्या मोहामुळे. वरच्या कामाची पहिली फेरी नीट करायलाच प्रत्यक्षात नऊ तास लागतात. पुढच्या पायऱ्यांमध्ये हा नऊ तासांचा आकडा कसा येतो ते मांडलं आहे. तो आकडा आधी मान्य केला की बाकीचे निर्णय बरेच सोपे होतात. मेशमध्ये मल्टिकास्ट बिघडतो तो बहुतेक वेळा घाईने. प्रोटोकॉलची निवड हे त्यानंतरचं कारण आहे.

आधी मूळ अडचण

आयईईई ८०२.१५.४ (कमी शक्तीच्या रेडिओचं मानक) च्या रेडिओवर एकाला पाठवलेल्या फ्रेमची पोच मागता येते. पोच आली नाही की पाठवणारा पुन्हा प्रयत्न करतो. सगळ्यांसाठी सोडलेल्या फ्रेमला पोच नसते, आणि असूही शकत नाही, कारण वीस शेजाऱ्यांनी एकदम पोच दिली तर त्या एकमेकींवर आदळतील. म्हणजे फ्रेम पोहोचली की नाही, हे पाठवणाऱ्याला कधीच कळत नाही.

एका दुव्यावर दहापैकी आठ फ्रेम पोहोचतात असं समजा. प्रत्येक नोडने (मेशमधल्या प्रत्येक यंत्राने) संदेश एकदाच पुढे पाठवला, तर पाचव्या हॉपवरच्या मीटरला तो मिळण्याची शक्यता ०.८ चा पाचवा घात, म्हणजे जेमतेम ३३ टक्के. प्रत्येकाने तीनदा पाठवला, तर एका दुव्यावरची शक्यता ९९.२ टक्क्यांवर जाते आणि पाच हॉपनंतरही ९६ टक्के उरते. पुनरावृत्ती हवीच. पण पाच हजार नोड तीन-तीनदा बोलायला लागले की ते एकमेकांचंच बोलणं बुडवतात. ‘ब्रॉडकास्ट स्टॉर्म’ या नावाने हा प्रश्न १९९९ पासून संशोधनात मांडला गेला आहे. पुरेशी पुनरावृत्ती, पण गर्दी नाही, हे दोन्ही एकदम साधायचं आहे.

पायरी १: संदेशांची वर्गवारी करा

फर्मवेअर मोठं असतं, पण त्याला घाई नसते. भारनियंत्रणाचा आदेश किंवा नवा दरतक्ता छोटा असतो आणि ठराविक वेळेआधी पोहोचावा लागतो. तिसरा प्रकार म्हणजे ‘आत्ताच्या आत्ता’ करायच्या गोष्टी, उदाहरणार्थ फीडरवरचा स्विच उघडणं. हा तिसरा प्रकार मेशच्या मल्टिकास्टवर टाकू नका. पोच नसलेल्या आणि मिनिटाच्या हिशोबाने चालणाऱ्या मार्गावर वीजयंत्रणेच्या संरक्षणाचं काम ठेवता येत नाही. ग्राहकाचा पुरवठा तोडण्याचा आदेशही माझ्या मते एकेका मीटरला, पोच घेऊनच द्यावा.

पायरी २: रेडिओची खिडकी मोजा

वाय-सनसारख्या (मीटरसारख्या उपकरणांच्या बिनतारी मेशचं मानक) फ्रीक्वेन्सी हॉपिंगच्या मेशमध्ये प्रत्येक नोड एरवी स्वतःच्या वेळापत्रकाने चॅनल बदलत ऐकत असतो. सगळे एकाच चॅनलवर येतात ते ब्रॉडकास्टच्या खिडकीत. प्रचारात असलेली एक मांडणी अशी: दर १,०२० मिलिसेकंदांनी २५५ मिलिसेकंदांची खिडकी. म्हणजे मल्टिकास्टसाठी चौथाई वेळच उपलब्ध.

आता आपली ४८ मिलिसेकंदांची फ्रेम त्या खिडकीत बसवून बघा. कागदावर पाच बसतात. चॅनल मोकळा आहे का हे तपासणं आणि फ्रेममधलं अंतर धरलं तर चार. एकमेकांना ऐकू येणाऱ्या नोडच्या अख्ख्या गटाला मिळून सेकंदाला चार फ्रेम, ही त्या परिसराची कमाल क्षमता. हा आकडा कागदावर मोठ्या अक्षरात लिहून समोर ठेवा, कारण पुढच्या प्रत्येक पायरीत तो लागतो.

तुमच्या जाळ्यात आकडे वेगळे असतील. बॉर्डर राउटरच्या सेटिंगमधून ब्रॉडकास्टचा मध्यंतर, खिडकीची लांबी आणि रेडिओचा प्रत्यक्ष वेग काढा आणि हाच भागाकार करा. हॉपिंग नसलेल्या, एकाच चॅनलवरच्या मेशमध्ये खिडकी नसते, पण मग रोजची सगळी रहदारीही त्याच चॅनलवर असते. तिथे मल्टिकास्टला किती वाटा द्यायचा हे तुम्हालाच ठरवावं लागतं.

पायरी ३: ब्लॉक एका फ्रेममध्ये मावला पाहिजे

जुन्या ८०२.१५.४ रेडिओची फ्रेम १२७ बाइटची असते. त्यावर २५६ बाइटचा ब्लॉक पाठवला तर ६लोपॅन (आयपीव्ही६ चे संदेश छोट्या फ्रेममध्ये बसवणारा थर) त्याचे चार-पाच तुकडे करतं, आणि त्यातला एक जरी हरवला तरी अख्खा ब्लॉक वाया जातो. प्रत्येक तुकडा ९० टक्के वेळा पोहोचत असेल तर पाचही पोहोचण्याची शक्यता ५९ टक्के. एकाला पाठवताना हे पोच आणि पुनर्प्रयत्नांनी सांभाळलं जातं. मल्टिकास्टमध्ये सांभाळणारं कोणी नाही. अशा रेडिओवर ब्लॉक ६४ बाइटच्या आसपासच ठेवा.

२०१२ मध्ये आलेल्या ८०२.१५.४जी ने फ्रेमची मर्यादा २,०४७ बाइटपर्यंत नेली. म्हणून १,५०० बाइटचा ब्लॉक घ्यावासा वाटतो. पण ५० किलोबिटच्या वेगाने तो हवेत २४० मिलिसेकंद राहतो आणि आपली खिडकी २५५ ची आहे. म्हणजे एका खिडकीत एकच नोड बोलू शकतो, तेही खिडकी उघडल्या उघडल्या सुरुवात केली तर. २५६ बाइट हा या वेगाला योग्य मध्यम आकार आहे. रेडिओ ३०० किलोबिटचा असेल तर खुशाल मोठा घ्या.

पायरी ४: पत्ता आणि त्याची व्याप्ती

आयपीव्ही६ मध्ये मल्टिकास्ट पत्त्यातच तो किती दूर जायचा हे लिहिलेलं असतं. एफएफ०२ ने सुरू होणारा पत्ता एका हॉपपलीकडे जात नाही. ‘जवळच्या मीटरना संदेश मिळतो, लांबच्यांना मिळत नाही’ अशी तक्रार आली की आधी हेच तपासा. बरेचदा कोणीतरी एफएफ०२::१ वर पाठवत असतं. अख्ख्या मेशसाठी एफएफ०३ ची व्याप्ती आहे, आणि फॉरवर्डिंग करणाऱ्या सगळ्या नोडचा ठरलेला पत्ता एफएफ०३::एफसी.

दुसरी बाजू बॉर्डर राउटरची. मागच्या वेगवान जाळ्यातून येणारे शोध-संदेश आणि जाहिराती मेशमध्ये शिरू देऊ नका. सेकंदाला चार फ्रेमच्या परिसरात सगळं अडवायला एक बडबडा सर्व्हर पुरतो. फिल्टरचा मूळ नियम ‘सगळं बंद’ असा ठेवा आणि तुमचे दोन-चार गट नावानिशी उघडा.

पायरी ५: फॉरवर्डिंगची पद्धत निवडा, आणि तिचा ‘के’ समजून घ्या

आरपीएल या मार्गप्रोटोकॉलमध्ये (आरएफसी ६५५०, २०१२; आरएफसी म्हणजे इंटरनेटचे क्रमांकित मानक-दस्तऐवज) मल्टिकास्टची स्वतःची सोय आहे, पण त्यासाठी वाटेतल्या प्रत्येक नोडला गटांचे तक्ते साठवावे लागतात. मीटरची मोठी जाळी सहसा मार्ग न साठवण्याच्या पद्धतीने चालतात, म्हणून ती सोय तिथे उपयोगी पडत नाही. एसएमआरएफ ही हलकी पद्धत आहे: संदेश फक्त आपल्या पसंतीच्या पालकाकडून स्वीकारायचा आणि पुढे पाठवायचा. स्मृती जवळजवळ लागत नाही, पण पालकाकडून एकदा हुकलं की हुकलं. तोच संदेश शेजाऱ्याकडून ऐकू आला तरी नोड तो टाकून देतो. छोट्या, दाट जाळ्यात चालेल. पाच-आठ हॉपच्या जाळ्यासाठी मी ती घेणार नाही.

उरते एमपीएल, म्हणजे कमी शक्तीच्या जाळ्यांसाठीची मल्टिकास्ट पद्धत, आरएफसी ७७३१ (२०१६). वाय-सननेही तीच घेतली आहे. तिचा गाभा ट्रिकल या अल्गोरिदममध्ये आहे (आरएफसी ६२०६, २०११), आणि तो इतका साधा आहे की एकदा नीट समजून घेतल्यावर सगळी सेटिंग डोळ्यांसमोर दिसू लागतात.

नोडला नवा संदेश मिळाला की तो ठराविक लांबीचा मध्यंतर सुरू करतो. त्या मध्यंतराच्या दुसऱ्या अर्ध्या भागातला एक क्षण तो यादृच्छिक निवडतो. तो क्षण येईपर्यंत हाच संदेश शेजाऱ्यांकडून किती वेळा ऐकला ते मोजतो. मोजणी ‘के’ पेक्षा कमी असेल तर स्वतः पाठवतो. के किंवा जास्त असेल तर गप्प बसतो. मग नवा मध्यंतर, पुन्हा तेच. एमपीएलमध्ये डेटा संदेशासाठी मूळ सेटिंग आहे के = १ आणि असे तीन मध्यंतर.

मध्यंतराची लांबी किती? आरएफसीचा सल्ला असा की दुव्यावर लागणाऱ्या विलंबाच्या दहापट. आपली खिडकी साधारण सेकंदाने येते, म्हणून दहा सेकंद. हे पडताळून पाहू. दहा सेकंदांच्या दुसऱ्या अर्ध्यात पाच खिडक्या येतात, म्हणजे वीस फ्रेमची जागा. एका परिसरात वीस नोड असतील आणि चार-आठ जण बोलणार असतील तर मावतात. हाच मध्यंतर कोणी ‘जलद व्हावं’ म्हणून एक सेकंद केला, तर त्या वीसही जणांची निवड एकाच खिडकीत पडते, फ्रेम आदळतात, कोणालाच काही ऐकू येत नाही, मोजणी शून्य राहते आणि पुढच्या खिडकीत पुन्हा सगळे बोलतात. दडपण्याची यंत्रणा ऐकण्यावर चालते; ऐकणंच बंद पडलं की ती उलटते.

आता के. ही जागा अशी आहे की टेबलावर सगळं छान चालतं आणि रस्त्यावर फसतं. एका परिसरात वीस मीटर एकमेकांना व्यवस्थित ऐकतात. त्यातल्या ‘ब’ मीटरला इमारतीच्या तळघरातला ‘क्ष’ मीटर ऐकतो, आणि क्षला ब सोडून दुसरं कोणी ऐकू येत नाही. के = १ असेल तर वीसपैकी जो आधी बोलेल तो बाकीच्या एकोणिसांना गप्प करतो. ब गप्प राहण्याची शक्यता एका मध्यंतरात ९५ टक्के, तीनही मध्यंतरांत सुमारे ८६ टक्के. म्हणजे जाळं उत्तम स्थितीत असतानाही क्षला दहापैकी आठ-नऊ ब्लॉक मिळत नाहीत. रेडिओ सिग्नल चांगला, मीटरवाचन सुरळीत, आणि फर्मवेअर मात्र कधीच पूर्ण होत नाही! असा मीटर दिसला की अँटेना बदलण्याआधी के बघा.

के = ४ केला तर ‘ब’चं तीनही वेळा गप्प राहणं ५१ टक्क्यांवर येतं, के = ८ ला सुमारे २२ टक्क्यांवर. पण के वाढवणं म्हणजे एका क्षसाठी सगळ्या परिसराने जास्त बोलणं. याला एमपीएलचं स्वतःचं उत्तर आहे: रिॲक्टिव्ह फॉरवर्डिंग. नोड अधूनमधून छोटा नियंत्रण संदेश सोडतात, ज्यात ‘माझ्याकडे या स्रोताचे हे-हे संदेश आहेत’ असा बिटनकाशा असतो. क्षच्या नकाशात खड्डा दिसला की तो ऐकणारा ब आपला टायमर पुन्हा सुरू करतो. इतरांनी क्षला ऐकलेलंच नसतं, त्यामुळे ते गप्प असतात, आणि या वेळी ‘ब’ला बोलायला कोणी अडवत नाही. जिथे गरज आहे तिथेच बोलणं होतं.

म्हणून माझी शिफारस: के चार ठेवा आणि रिॲक्टिव्ह चालू ठेवा. काही स्टॅकमध्ये (तयार मिळणाऱ्या जाळ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये) ते बंद करून दिलेलं असतं. नियंत्रण संदेशाच्या टायमरची आवर्तनं शून्य असतील तर ते बंद आहे असं समजा. चालू करता येत नसेल तर के आठच्या आसपास न्या आणि पायरी ८ वर जास्त भिस्त ठेवा. रिॲक्टिव्हसाठी संदेश काही काळ साठवून ठेवावे लागतात, तेवढी रॅम हवी. ३२० बाइटचे आठ बफर म्हणजे अडीच किलोबाइट.

पायरी ६: दोन ब्लॉकमधलं अंतर ठरवा

एक ब्लॉक एका नोडमध्ये तीन मध्यंतरं, म्हणजे तीस सेकंद जिवंत असतो. दर सेकंदाला ब्लॉक सोडला तर प्रत्येक नोड एकाच वेळी तीस संदेशांचे टायमर सांभाळत बसेल. बफर आठ असतील तर नववा आला की जुना जाईल. हरवलेले ब्लॉक मग रेडिओने हरवलेले नसतात, नोडने स्वतः टाकून दिलेले असतात. नोंदीत दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून बफरमधून टाकलेल्या संदेशांची वेगळी मोजणी फर्मवेअरमध्ये आधीच घाला.

अंतराला तीन मर्यादा आहेत. बफर, खिडकीची क्षमता आणि कायदा. कायद्याची मर्यादा शेवटी आठवते, आणि तीच सर्वात आधी आडवी येते. युरोपात ८६८ मेगाहर्ट्झच्या काही उपपट्ट्यांत एका उपकरणाला एक टक्काच वेळ प्रक्षेपण करता येतं, म्हणजे तासाला ३६ सेकंद. दर १० सेकंदांना ब्लॉक सोडला तर तासाला ३६० ब्लॉक. दडपणं न झालेला, एखाद्या गल्लीच्या टोकाशी एकटा असलेला नोड प्रत्येक ब्लॉक तीनदा पाठवतो: ३६० गुणिले ३ गुणिले ४८ मिलिसेकंद, जवळजवळ ५२ सेकंद. मर्यादा ओलांडली. १५ सेकंदांच्या अंतराला ३४.६ सेकंद होतात, पण मग मीटरवाचनाला काहीच उरत नाही. २० सेकंदांच्या अंतराला २६ सेकंद. तिथे थांबा.

हिशोब नेहमी सर्वात जास्त बोलणाऱ्या नोडचा करा, सरासरीचा करू नका. तुमच्या पट्टीला अशी मर्यादा नसेल तर खिडकीची क्षमता आणि बफर यांवरून अंतर काढा. दहा सेकंदांखाली मात्र माझा विश्वास बसत नाही.

१,६०० ब्लॉक, २० सेकंदांनी एक: ३२,००० सेकंद, म्हणजे आठ तास त्रेपन्न मिनिटं. सुरुवातीला म्हटलेले नऊ तास हेच. रात्री दहाला सुरू केलं तर सकाळी सातपर्यंत पहिली फेरी पूर्ण. मीटरवाचनाच्या ठरलेल्या वेळा मध्ये येत असतील तर तेवढा वेळ ब्लॉक थांबवा. थांबवल्याने काही बिघडत नाही.

भारनियंत्रणाच्या आदेशालाही हेच टायमर लागू आहेत. प्रत्येक हॉपला पाच ते दहा सेकंद, आठ हॉपला ४० ते ८० सेकंद, आणि एखादा प्रयत्न हुकला तर त्याहून जास्त. म्हणून आदेशात ‘आता करा’ असं कधी लिहू नका. सुरू होण्याची नेमकी वेळ, कालावधी आणि आदेशाचा क्रमांक लिहा, आणि तो किमान दहा मिनिटं आधी सोडा. तोच आदेश दोन-तीनदा मिळाला तरी परिणाम एकदाच झाला पाहिजे. पुरवठा परत देताना प्रत्येक उपकरणाने काही मिनिटांच्या आत यादृच्छिक क्षण निवडावा, नाहीतर सगळे हीटर आणि पंप एका सेकंदात सुरू होतात आणि रोहित्रावर धक्का बसतो.

पायरी ७: बॉर्डर राउटर पुन्हा सुरू झाल्यावर

एमपीएलमध्ये प्रत्येक संदेशाला स्रोताची ओळख आणि आठ बिटचा क्रमांक असतो. नोड जुने क्रमांक टाकून देतात. दुबार संदेश तसेच ओळखले जातात. आता राउटरने ९० पर्यंत संदेश सोडले, वीज गेली, आणि परत आल्यावर त्याने शून्यापासून सुरुवात केली. मेशच्या दृष्टीने हे सगळे जुने संदेश. राउटर पाठवतोय, पहिल्या हॉपवर स्निफरमध्ये (हवेतल्या फ्रेम पकडणाऱ्या यंत्रात) फ्रेम दिसतायत, आणि पुढे काहीच सरकत नाही. नोड त्या स्रोताची नोंद मूळ सेटिंगनुसार ३० मिनिटांनी विसरतात, आणि मग सगळं आपोआप सुरळीत होतं. ‘आपोआप दुरुस्त झालं’ म्हणून हा दोष वर्षानुवर्षं सापडत नाही.

उपाय सोपे आहेत: क्रमांक कायम स्मृतीत ठेवा आणि सुरू होताना थोडा पुढे ढकला, किंवा राउटर सुरू झाल्यावर अर्धा तास मल्टिकास्ट सोडू नका.

पायरी ८: उरलेले खड्डे बुजवा

पहिली फेरी संपल्यावर लांबच्या मीटरकडे ९६ टक्के ब्लॉक असतील, म्हणजे साठ-पासष्ट कमी. फर्मवेअरला ९६ टक्क्यांचा काही उपयोग नाही. अख्खी दुसरी फेरी घेतली तर आणखी नऊ तास जातात आणि तरी दोन-तीन ब्लॉक उरतातच. म्हणून दुरुस्ती ॲप्लिकेशनच्या पातळीवर करायची.

प्रत्येक मीटरने मिळालेल्या ब्लॉकचा बिटनकाशा ठेवावा. १,६०० ब्लॉकचा नकाशा २०० बाइटचा, म्हणजे तोही एका फ्रेममध्ये मावतो. डीएलएमएस (मीटरशी बोलण्याचं मानक) वापरत असाल तर इमेज ट्रान्सफरच्या वर्गात हा नकाशा तयारच आहे. तो रॅममध्ये ठेवू नका. मध्येच वीज गेली तर पाच तासांचं काम जातं. नॉर फ्लॅशमध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या स्मृतीच्या एका प्रकारात) बिट एकचा शून्य करायला पान पुसावं लागत नाही, त्यामुळे ब्लॉक लिहून झाला की त्याचा एक बिट शून्य करायचा, इतकंच. ज्या फ्लॅशला ईसीसी (चुका दुरुस्त करणारे जादा बिट) आहे तिथे सहसा असं चालत नाही. तिथे दर ३२ ब्लॉकनंतर नोंद करा. नकाशा इमेजच्या (फर्मवेअरच्या फाइलच्या) हॅशशी, म्हणजे तिच्यावरून काढलेल्या ठशासारख्या संख्येशी जोडा, सत्राशी किंवा राउटरशी जोडू नका. मीटर मध्येच शेजारच्या राउटरखाली गेला तरी त्याला जे मिळालं आहे ते टिकतं.

आता नकाशे गोळा करायचे. ‘सगळ्यांनी नकाशा पाठवा’ असा मल्टिकास्ट सोडलात तर ५,००० उत्तरं एकदम निघतील. कोॲपमध्ये (छोट्या उपकरणांसाठीचा वेबसारखा प्रोटोकॉल, आरएफसी ७२५२) यासाठी उत्तराआधी यादृच्छिक थांबण्याची सोय आहे. किती थांबायचं ते उत्तराचा आकार गुणिले गटाची संख्या भागिले वेग. २५० बाइट, ५,००० मीटर, ५० किलोबिट: २०० सेकंद. पण यात चॅनल पूर्ण मोकळा धरला आहे आणि हॉप धरलेले नाहीत. मी दहापट करतो, म्हणजे अर्ध्या तासाहून थोडं जास्त. त्याहून चांगलं म्हणजे ज्यांचं पूर्ण झालं त्यांनी गप्प राहायचं आणि ज्यांच्यात खड्डे आहेत त्यांनीच बोलायचं. पूर्ण झालेल्यांची खात्री नंतरच्या रोजच्या वाचनात आवृत्तीच्या क्रमांकावरून होतेच.

नकाशे आले की प्रत्येक ब्लॉकसाठी एक निर्णय: पुन्हा मल्टिकास्ट, की एकेकाला? मल्टिकास्टची किंमत काढू. के = ४ आणि वीसचा परिसर असेल तर दर मध्यंतरात एक पंचमांश नोड बोलतात; तीन मध्यंतरं, ५,००० नोड, म्हणजे सुमारे ३,००० प्रक्षेपणं. एका मीटरला पाच हॉपवर ब्लॉक पोहोचवायला पुनर्प्रयत्न धरून सात. ३,००० भागिले ७, सुमारे ४३०. योगायोग असा की ४३० फ्रेमना राउटरजवळचा हवेतला वेळही वीस सेकंदच लागतो, म्हणजे एका ब्लॉकच्या अंतराइतका. एखादा ब्लॉक चारशेहून जास्त मीटरकडे नसेल तर मल्टिकास्ट करा, कमी असतील तर एकेकाला पोच घेऊन द्या. तुमच्या आकड्यांनी हा उंबरठा बदलेल, पण तो काढण्याची रीत हीच.

पायरी ९: गटाची किल्ली पुरेशी नाही

मल्टिकास्ट फ्रेम सगळ्यांना उघडता यावी म्हणून सगळ्यांकडे एकच सममित किल्ली असते. एका मीटरमधून ती काढली गेली की काढणारा कोणाच्याही नावाने संदेश बनवू शकतो. म्हणून फर्मवेअरवर असममित सही (गुप्त किल्लीने केलेली आणि वेगळ्या, उघड किल्लीने तपासता येणारी) हवी आणि मीटरने ती इमेज सक्रिय करण्याआधी तपासली पाहिजे. आदेशांवरही सही, वाढता क्रमांक आणि मुदत. मुदत नसलेला जुना आदेश कोणी पकडून महिन्याने पुन्हा सोडला, तर मीटर तो पाळेल.

पायरी १०: चाचणी

टेबलावर तीस मीटर मांडून घेतलेली चाचणी एका हॉपची चाचणी असते. तिथे सगळे सगळ्यांना ऐकतात आणि के = १ निर्दोष दिसतो. ॲटेन्युएटर (सिग्नल कमजोर करणारा भाग) लावून किंवा प्रक्षेपणाची शक्ती उतरवून किमान चार हॉपची साखळी तयार करा, आणि एका बाजूला मुद्दाम वर सांगितलेला क्ष ठेवा: एकच शेजारी, आणि तो शेजारी गर्दीत. ही रचना ज्या सेटिंगने पार केली, ती बाहेरही बहुतेक टिकते.

प्रत्येक नोडवर चार मोजण्या ठेवा: पाठवलेले, दडपलेले, दुबार आलेले, बफर भरल्याने टाकलेले. दडपलेले फारच कमी आणि दुबारही कमी असतील तर फ्रेम आदळतायत, मध्यंतर वाढवा. दुबार भरपूर आणि तरी काही मीटर कोरडे असतील तर ते मीटर क्षसारखे आहेत. टाकलेल्यांची मोजणी शून्य नसेल तर ब्लॉकमधलं अंतर वाढवल्याशिवाय पुढे जाऊ नका. मग चालू हस्तांतरणात राउटर बंद करून पुन्हा सुरू करा, दहा टक्के मीटरची वीज घालवा, एक मीटर दुसऱ्या राउटरखाली न्या.

पायरी ११: सक्रिय करणं

इमेज सगळीकडे पोहोचली म्हणून सक्रिय करण्याचा आदेश सगळ्यांना एकाच वेळेचा देऊ नका. मेशमध्ये प्रत्येक मीटर दुसऱ्या कोणाचा तरी रस्ता असतो. पाच हजार मीटर एकाच मिनिटात पुन्हा सुरू झाले की अख्खं जाळं शून्यातून उभं राहतं. किल्ल्यांची देवाणघेवाण आणि मार्गाची जोडणी एकाच वेळी होऊ लागते, आणि त्याला कधीकधी तासन्‌तास लागतात. सुरुवात टोकाच्या मीटरपासून करा, ज्यांच्याखाली कोणी नाही. त्यांच्यातलेही आधी पन्नासेक, मग एक दिवस वाट पाहून बाकीचे. मग एकेक हॉप आत या. राउटरशेजारचे, ज्यांच्यावरून सगळ्यांची रहदारी जाते, ते सर्वात शेवटी आणि थोडे-थोडे करून. त्यांच्यापैकी एकाच भागातले दोन शेजारी एकाच वेळी पुन्हा सुरू होणार नाहीत, एवढं वेळापत्रकात पाहा.